जोसेफ ब्लॅक

जोसेफ ब्लॅक (१६ एप्रिल १७२८ – ६ डिसेंबर १७९९) हे स्कॉटलंडमधील वैद्य, रसायनशास्त्रज्ञ व प्राध्यापक होते. मॅग्नेशिया आणि चुना यांवरील प्रयोगांतून त्यांनी आज कार्बन डायऑक्साइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायूचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध केले. अप्रकट उष्मा व विशिष्ट उष्मा या संकल्पनांचा पायाही त्यांनीच घातला. पदार्थाचे वजन प्रयोगाच्या आधी, मध्ये आणि शेवटी करायचे व त्या आकड्यांवरूनच निष्कर्ष काढायचा, ही पद्धत रसायनशास्त्रात रुजवणाऱ्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते.

सिमेंटच्या भट्ट्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हा आज जगापुढील मोठा प्रश्न आहे. त्यावरील एक उपाय म्हणून क्रियाशील मॅग्नेशियापासून केलेल्या सिमेंटाचा अभ्यास होतो. मॅग्नेशिया भाजल्यावर त्यातून काय निघून जाते, उरलेली भुकटी कशात विरघळते आणि गेलेले परत कसे मिळवता येते, हे या अभ्यासाचे मूलभूत प्रश्न होत. ब्लॅक यांनी वयाच्या पंचविशीत नेमके हेच प्रश्न हाताळले होते.

जन्म व शिक्षण

ब्लॅक यांचा जन्म फ्रान्समधील बोर्दो या बंदरात झाला. त्यांचे वडील जॉन ब्लॅक हे बेलफास्टचे, मूळच्या स्कॉटिश घराण्यातील, द्राक्षमद्याचे व्यापारी होते. आई मार्गारेट गॉर्डन यांचे माहेरही स्कॉटिशच होते. प्रसिद्ध फ्रेंच विचारवंत माँतेस्क्य हे वडिलांच्या स्नेह्यांपैकी होते. जोसेफ यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच आईच्या हाताखाली झाले. बाराव्या वर्षी त्यांना बेलफास्टच्या शाळेत पाठवण्यात आले व पुढे ते ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले.

व्यवसाय म्हणून त्यांनी वैद्यक निवडले. ग्लासगो येथे त्यांना विल्यम कलन हे गुरू लाभले. औषधे तयार करण्याची पूरक विद्या एवढ्यापुरतेच तेव्हा रसायनशास्त्राकडे पाहिले जाई. कलन यांनी मात्र ते स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकवण्यास आरंभ केला होता. ब्लॅक सुमारे तीन वर्षे त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. प्रयोगाची शिस्त आणि नोंदवहीची सवय त्यांना तेथेच लागली. वैद्यकाची पदवी घेण्यासाठी ते १७५२ च्या सुमारास एडिंबरो येथे गेले.

मुतखड्याचा प्रश्न

त्या काळी मुतखडा हा अत्यंत भयानक विकार मानला जाई. भूल देण्याची सोय नसल्यामुळे शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा प्रसंग असे. त्यामुळे खडा शरीरातच विरघळवणाऱ्या औषधाचा शोध चालू होता. जोआना स्टीव्हन्स नावाच्या एका बाईंच्या औषधाची कृती जाहीर व्हावी म्हणून ब्रिटिश संसदेने १७३९ मध्ये त्यांना ५००० पौंड दिले. त्या कृतीत भाजलेली अंड्याची टरफले व गोगलगाईंचे शंख आणि साबण असे पदार्थ होते. म्हणजे गुण मुख्यतः चुन्याचा होता.

एडिंबरोतील दोन प्राध्यापकांमध्ये या चुन्यावरून वाद जुंपला होता. रॉबर्ट व्हिट यांच्या मते कालवांची शिंपले भाजून केलेल्या चुन्याची निवळी अधिक गुणकारी होती. चार्ल्स ऑल्स्टन दगडी चुन्याच्या बाजूचे होते. ब्लॅक यांना दोघांच्याही हाताखाली परीक्षा द्यायची होती. त्यांनी चुना बाजूला ठेवला व प्रबंधासाठी मॅग्नेशिया आल्बा म्हणजे पांढरा मॅग्नेशिया हा वेगळा पदार्थ निवडला. पोटातील आम्लता कमी करणारे व सौम्य रेचक म्हणून तो वैद्यांना नव्यानेच माहीत झाला होता. तो भाजल्यास कळीच्या चुन्यासारखा, पण त्याहून सौम्य, खडा विरघळवणारा पदार्थ हाती येईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

मॅग्नेशिया मिळवण्यासाठी त्यांनी प्रथम समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढून घेतल्यावर उरणारे कडवट पाणी वापरले. उरण व पेणच्या मिठागरांत मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात राहते, तेच हे पाणी. ते नेहमी मिळत नसल्यामुळे पुढे त्यांनी त्यातूनच स्फटिकरूपाने वेगळे होणारे एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वापरण्यास सुरुवात केली. एप्सम मिठाच्या द्रावात पोटॅशचा द्राव मिसळला की पांढरा साका खाली बसे. तो धुऊन व वाळवून मिळणारी हलकी भुकटी म्हणजे मॅग्नेशिया आल्बा.

मॅग्नेशियावरील प्रयोग

ब्लॅक यांनी एक औंस मॅग्नेशिया मुशीत घालून तांबे वितळेल इतक्या उष्णतेवर, म्हणजे आजच्या मोजमापाने सुमारे १०८५ अंश सेल्सियसवर, तासभर ठेवला. बाहेर काढल्यावर त्याचे वजन तीन ड्रॅम व एक स्क्रूपल भरले. एका औंसात आठ ड्रॅम आणि एका ड्रॅममध्ये तीन स्क्रूपल असतात. म्हणजे मूळ वजनाचा सात-द्वादशांश भाग, शेकडा ५८ हून थोडा अधिक, नाहीसा झाला होता.

नाहीशा झालेल्या वजनाचा माग काढण्यासाठी त्यांनी तीन औंस मॅग्नेशिया काचेच्या ऊर्ध्वपातन पात्रात तापवला. सर्व वाफ थंड करून गोळा केली, तेव्हा पाणी मिळाले अवघे पाच ड्रॅम. पात्रातील भुकटीचे वजन मात्र साडेबारा ड्रॅमनी कमी झाले होते. साडेसात ड्रॅम वजनाचे काहीतरी न दिसता, न सापडता निघून गेले होते. द्रव म्हणून ते हाती आले नव्हते. तेव्हा ते हवेसारखे असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. घन पदार्थांत हवा कोंडलेली असू शकते, हे स्टीव्हन हेल्स यांनी आधी दाखवले होते व ते ब्लॅक यांच्या वाचनात होते.

हा तर्क त्यांनी उलट दिशेनेही पडताळला. दोन ड्रॅम, म्हणजे १२० ग्रेन, मॅग्नेशिया त्यांनी भाजला, तेव्हा ५२ ग्रेन उरला. ही भुकटी त्यांनी गंधकाम्लात विरघळवली. न भाजलेला मॅग्नेशिया आम्लात टाकला की जोराने फसफसे. भाजलेला मॅग्नेशिया मात्र न फसफसता शांतपणे विरघळला. त्या द्रावात त्यांनी सौम्य अल्कली घातली. पुन्हा साका खाली बसला. धुऊन वाळवल्यावर त्याचे वजन ११० ग्रेन भरले आणि आम्लात तो पूर्वीप्रमाणेच फसफसू लागला. भट्टीत गेलेली हवा अल्कलीकडून परत मिळाली होती. एखादी वायुरूप वस्तू एका घन पदार्थातून दुसऱ्यात जाते व तिचा हिशेब तराजूवर मांडता येतो, हे येथे दिसून आले.

आजच्या सूत्रांनी हे आकडे तपासून पाहण्याजोगे आहेत. ब्लॅक यांचा मॅग्नेशिया हे पाणी धारण केलेले मूलक मॅग्नेशियम कार्बोनेट होते, असे धरल्यास भाजल्यावर त्याचे सुमारे ५८ टक्के वजन घटायला हवे. त्यापैकी सुमारे २२ टक्के पाणी व ३६ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. ब्लॅक यांच्या पहिल्या प्रयोगातील घट व दुसऱ्या प्रयोगातील पाणी या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. अणू, रेणू वा रासायनिक सूत्रे यांपैकी काहीच ठाऊक नसताना केवळ काटेकोर वजनांतून हे साधले होते.

मुतखड्याच्या दृष्टीने मात्र प्रयोगाने निराशा केली. भाजलेला मॅग्नेशिया चुन्यासारखा तिखट व दाहक झाला नाही. पाण्यातही तो चुन्याप्रमाणे विरघळेना आणि त्यापासून निवळी मिळेना. खडा विरघळवणारे नवे औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. अपेक्षाभंगाची ही नोंदही ब्लॅक यांनी तितक्याच निगुतीने करून ठेवली.

चुन्याचे कोडे व बद्ध वायू

मॅग्नेशियाने दिलेले सूत्र हाती धरून ब्लॅक चुन्याकडे वळले. चुनखडी भाजली की ती दाहक होते, याचे कारण भट्टीतील अग्नीचे कण तिच्यात शिरतात, असा त्या वेळी सर्वसाधारण समज होता. ब्लॅक यांनी दाखवले की वस्तुस्थिती उलट आहे. चुनखडीत काही शिरत नाही, तिच्यातून हवा निघून जाते. तेवढाच चुना भाजण्यापूर्वी व भाजल्यानंतर जवळजवळ सारख्याच आम्लाने उदासीन होतो. भाजलेला चुना सौम्य अल्कलीच्या द्रावात टाकल्यास जवळजवळ मूळ वजनाची चुनखडी परत मिळते आणि हवा गमावलेली अल्कलीच दाहक होते.

या हवेला त्यांनी बद्ध वायू म्हटले. चुन्याची निवळी या वायूने पांढरी गढूळ होते. ही कसोटी वापरून त्यांनी पुढे दाखवले की माणसाच्या उच्छ्वासात, आंबवण्याच्या क्रियेत आणि कोळशाच्या ज्वलनातही हाच वायू असतो. तोपर्यंत हवा हे एकच मूलद्रव्य मानले जाई. नेहमीच्या हवेहून भिन्न गुणधर्मांचा दुसरा वायू आहे, हे सिद्ध झाल्यावर वायूंच्या शोधांची मालिकाच सुरू झाली. हेन्री कॅव्हेंडिश, जोसेफ प्रीस्टली आणि १७७२ मध्ये नायट्रोजन वेगळा करणारे ब्लॅक यांचे शिष्य डॅनियल रदरफर्ड यांचे कार्य याच वाटेने पुढे गेले. बद्ध वायू कार्बन व ऑक्सिजन यांचा बनलेला आहे, हे पुढे आंत्वान लव्हाझिए यांनी स्पष्ट केले.

ब्लॅक यांचा लॅटिन प्रबंध १७५४ मध्ये सादर झाला. त्याचे विस्तारित इंग्रजी रूप त्यांनी १७५५ मध्ये एडिंबरोच्या तत्त्वज्ञान मंडळापुढे वाचले व ते १७५६ मध्ये छापून आले. रसायनशास्त्रावरील त्यांचे हे एकमेव मोठे प्रकाशित लेखन होय.

उष्णतेचा अभ्यास

कलन एडिंबरोला गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर १७५६ मध्ये ब्लॅक यांची ग्लासगो येथे नेमणूक झाली. तेथील दहा वर्षांत त्यांनी उष्णतेवर काम केले. बर्फ वितळू लागला की उष्णता मिळत असूनही त्याचे तापमान वाढत नाही, हे त्यांनी हेरले. एका प्रयोगात त्यांनी सारख्याच दोन काचपात्रांत सारखेच पाणी घेतले व एकातील पाणी गोठवले. दोन्ही पात्रे एकाच दालनात टांगली. द्रव पाण्याचे तापमान अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइट वाढले. बर्फाचे पाणी होऊन त्याच तापमानाला येण्यास साडेदहा तास लागले. म्हणजे एकवीसपट वेळ. मधल्या काळात शोषली गेलेली उष्णता तापमापीवर दिसत नव्हती. तिला त्यांनी अप्रकट उष्मा म्हटले. १७६२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ग्लासगो येथील विद्वानांच्या मंडळापुढे मांडले, परंतु छापले नाहीत. स्वीडनचे योहान व्हिल्के यांनी १७७२ मध्ये याच विषयावरील आपले स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले.

ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारे जेम्स वॉट हे ब्लॅक यांचे स्नेही बनले. थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी उकळते, याचे वॉट यांना आश्चर्य वाटले, तेव्हा ब्लॅक यांनी त्यांना अप्रकट उष्म्याचा सिद्धान्त समजावून दिला. वेगळ्या संघनकाची कल्पना वॉट यांची स्वतःची होती. तथापि ब्लॅक यांच्या विचारपद्धतीचा आणि अडचणीच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या आर्थिक साहाय्याचा वॉट यांना मोठा आधार झाला. दोघांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू राहिला.

अध्यापन व स्नेहमंडळ

१७६६ मध्ये ब्लॅक एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. व्याख्यानात प्रयोग करून दाखवताना त्यांच्या हातून थेंबही सांडत नसे, अशी त्यांची ख्याती होती. अमेरिकेतील बेंजामिन रश यांच्यासारखे दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्या वर्गात बसले. ब्लॅक यांनी स्वतः फारसे छापले नाही. त्यामुळे त्यांचे विचार विद्यार्थ्यांच्या वह्यांतून हस्तलिखित रूपानेच युरोपभर पसरले. लव्हाझिए यांचे नवे रसायनशास्त्र पुढे आल्यावर, आयुष्याच्या उत्तरार्धात असूनही, त्यांनी ते स्वीकारले व वर्गात शिकवले.

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि भूविज्ञानाचे प्रवर्तक जेम्स हटन हे त्यांचे जिवलग मित्र होते. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या अखेरच्या आजारात ब्लॅक त्यांचे वैद्य होते. स्मिथ यांनी १७९० मध्ये मृत्यूपूर्वी आपली बहुतेक हस्तलिखिते जाळून टाकण्याचे काम ब्लॅक व हटन यांच्यावर सोपवले व त्यांनी ते पार पाडले. हटन यांच्या भूविज्ञानालाही ब्लॅक यांच्या संशोधनाचा उपयोग झाला. भूगर्भातील प्रचंड दाबाखाली चुनखडीला आपला वायू सोडता येत नाही, म्हणून ती तापूनही चुना बनत नाही, असे हटन यांनी प्रतिपादन केले.

स्वभाव व अखेर

ब्लॅक यांची प्रकृती तरुणपणापासून नाजूक होती. श्रम झाले की त्यांना कफातून रक्त पडे. त्यामुळे आहार, झोप व चालणे यांचे नियम ते कसोशीने पाळत. ते अविवाहित राहिले. बासरीवादनाची त्यांना आवड होती. घाईने मत देणे त्यांना रुचत नसे. याच गुणाची दुसरी बाजू अशी की अप्रकट उष्म्याचे संशोधन त्यांच्या हयातीत त्यांच्या नावावर छापून आलेच नाही. १७९४ मध्ये त्यांनी आइसलंडमधील उष्ण झऱ्यांच्या पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते, हे त्यात दाखवले होते.

६ डिसेंबर १७९९ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. जेवणाच्या मेजाशी बसलेले असताना, मांडीवरील दुधाचा पेला न सांडता, त्यांनी प्राण सोडला, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. ग्रेफ्रायर्स येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांची व्याख्याने शिष्य व मित्र जॉन रॉबिसन यांनी संपादित करून १८०३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली.

मॅग्नेशिया कसा विरघळतो

भाजलेला मॅग्नेशिया आम्लात सहज विरघळतो, पण पाण्यात विरघळत नाही, या ब्लॅक यांच्या निरीक्षणाचे कारण पुढील दोन शतकांत उलगडत गेले. मॅग्नेशियाचा कण पाण्यात पडला की प्रथम त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू चिकटून हायड्रॉक्सिल गटांचा पातळ थर बनतो. त्या थरातून मॅग्नेशियमचे व हायड्रॉक्साइडचे आयन पाण्यात उतरतात. पाणी लवकरच संपृक्त होते. कारण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात जेमतेम एक शतांश ग्रॅम विरघळते. विरलेला चुना तेवढ्याच पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम विरघळतो. म्हणूनच चुन्याची निवळी मिळते व मॅग्नेशियाची मिळत नाही. संपृक्त पाण्यातून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे ब्रुसाइट या खनिजाचे, बारीक स्फटिक कणाच्या अंगावरच बसतात. हा पापुद्रा दाट झाला की पाणी आत पोहोचत नाही आणि कणाचा गाभा तसाच कोरडा राहतो.

विरघळण्याचा वेग ठरवणारी दुसरी बाब म्हणजे भाजणीची आच. साधारण ७०० ते १००० अंश सेल्सियसवर भाजलेला मॅग्नेशिया सच्छिद्र असतो, त्याचे स्फटिक सूक्ष्म व सदोष असतात आणि पाण्याला झोंबण्यास भरपूर पृष्ठभाग मिळतो. यालाच क्रियाशील मॅग्नेशिया म्हणतात. आच १००० ते १५०० अंशांपर्यंत नेली की कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात व क्रिया मंदावते. त्याहून अधिक भाजलेला मॅग्नेशिया पाण्याच्या दृष्टीने जवळजवळ निर्जीव असतो. पोलादाच्या भट्ट्यांना लावायच्या विटांसाठी तो वापरतात. पोर्टलंड सिमेंटाची भट्टी सुमारे १४५० अंशांवर चालते. तीत तयार झालेला असा मॅग्नेशिया सिमेंटात राहिला, तर बांधकाम पुरे झाल्यावर कित्येक महिन्यांनी, वर्षांनी तो हळूहळू पाणी घेतो, फुगतो व काँक्रीटला तडे पाडतो. म्हणून भारतीय मानकांनी साध्या पोर्टलंड सिमेंटात मॅग्नेशियाचे प्रमाण ६ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले आहे. तोच पदार्थ हलक्या आचेवर भाजला की उपयोगी आणि कडक आचेवर भाजला की घातक ठरतो.

तिसरी बाब म्हणजे पाण्यातील सोबती. आम्लाचे आयन पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांना उचलून नेतात. त्यामुळे पापुद्रा टिकत नाही व ब्लॅक यांच्या गंधकाम्लात झाले तसे सर्व मॅग्नेशिया विरघळतो. मॅग्नेशियम ॲसिटेटासारखे क्षारही थोड्या प्रमाणात हेच काम करतात. त्यांच्या साहाय्याने ब्रुसाइट कणाच्या अंगावर न बसता दूर, पाण्यात तयार होते व गाभा उघडा राहतो. पाण्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइडही सौम्य आम्लाप्रमाणे वागतो आणि विरघळलेल्या मॅग्नेशियमशी संयोग पावून कार्बोनेटे बनवतो.

कमी कार्बनच्या सिमेंटाशी संबंध

जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. त्यातील निम्म्याहून अधिक वायू इंधनातून येत नाही. तो चुनखडीतूनच, ब्लॅक यांनी ओळखलेल्या बद्ध वायूच्या रूपाने, बाहेर पडतो. क्रियाशील मॅग्नेशियाच्या सिमेंटात विटा वा ठोकळे ओतल्यावर त्यांना कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या कक्षात ठेवतात. मॅग्नेशिया विरघळतो, ब्रुसाइट बनते, ते वायू शोषते आणि कार्बोनेटांच्या स्फटिकांचे जाळे विणले जाऊन ठोकळा मजबूत होतो. मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवती सहा पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. म्हणून साध्या तापमानाला निर्जल कार्बोनेट सहसा बनत नाही, नेस्क्वेहोनाइट, हायड्रोमॅग्नेसाइट अशी पाणीदार कार्बोनेटे बनतात. यांतील हायड्रोमॅग्नेसाइट हे ब्लॅक यांच्या मॅग्नेशिया आल्बाचे जवळचे भावंड होय. ५२ ग्रेनचे ११० ग्रेन करणाऱ्या त्यांच्या प्रयोगाचीच ही बांधकामातील आवृत्ती म्हणता येईल.

या सिमेंटाच्या मर्यादा हिशेबाने समजून घेतल्या पाहिजेत. मॅग्नेसाइट हे खनिज भाजून एक टन मॅग्नेशिया मिळवताना खनिजातूनच सुमारे १.१ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. चुन्याच्या बाबतीत हा आकडा टनामागे सुमारे ०.७९ टन आहे. म्हणजे केवळ चुन्याऐवजी मॅग्नेशिया वापरल्याने काही साधत नाही. निघालेला वायू ठोकळ्यात परत शोषला गेला, तरच लाभ होतो. तो शोषला जाण्यासाठी मॅग्नेशिया आधी विरघळला पाहिजे. पापुद्र्याआड अडकलेला प्रत्येक कोरडा गाभा म्हणजे शोषला न गेलेला वायू. याशिवाय या सिमेंटाची क्षारता पोर्टलंड सिमेंटापेक्षा कमी असल्यामुळे आतील लोखंडी सळ्यांना गंजापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे सळ्या नसलेले ठोकळे, फरसबंदी व तक्ते यांसाठी ते अधिक योग्य ठरते.

रायगड किनाऱ्याचे उदाहरण

ब्लॅक यांच्या प्रयोगातील दोन्ही कच्चे पदार्थ रायगड किनाऱ्यावर परिचयाचे आहेत. उरण, पेण व पनवेल भागातील मिठागरांत खाडीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. मीठ तळाशी बसल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्लोराइड व सल्फेट एकवटतात. त्याचा कडवटपणा त्यांच्यामुळेच येतो. दुसरा पदार्थ म्हणजे कोकणात पूर्वापार शिंपले भाजून केला जाणारा चुना. व्हिट व ऑल्स्टन यांच्या वादातील शिंपल्यांचा चुना तो हाच. या पाण्यात चुना मिसळला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका खाली बसतो व तो हलक्या आचेवर भाजला की क्रियाशील मॅग्नेशिया मिळतो.

मात्र यासाठी लागणारा चुना भाजताना वायू बाहेर पडतोच, हे विसरता येत नाही. मिठागराच्या पाण्यापासून मिळवलेला मॅग्नेशिया आपोआप कमी कार्बनचा ठरत नाही. कोणती अल्कली वापरली, भट्टी कशावर पेटवली आणि शेवटी किती वायू परत शोषला गेला, या तिन्हींची बेरीज-वजाबाकी करावी लागते. हीच बेरीज-वजाबाकी तराजूवर करण्याचा पाठ ब्लॅक यांनी प्रथम घालून दिला.

वारसा

ग्लासगो व एडिंबरो या दोन्ही विद्यापीठांतील रसायनशास्त्राच्या इमारतींना जोसेफ ब्लॅक यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या मॅग्नेशियावर त्यांनी काम केले, त्यातील मॅग्नेशियम हा धातू त्यांच्या मृत्यूनंतर, १८०८ मध्ये, हंफ्री डेव्ही यांनी प्रथम वेगळा केला. मॅग्नेशिया व मॅग्नेशियम क्लोराइडचा द्राव यांपासून कठीण होणारे सिमेंट स्तानिस्लास सोरेल यांनी १८६७ मध्ये पुढे आणले. घराच्या जमिनींसाठी ते पुष्कळ वापरले गेले, पण पाण्यात ते टिकत नसे. मुतखडा विरघळवणारे औषध ब्लॅक यांना मिळाले नाही. मॅग्नेशिया पाण्यात नीट विरघळत नाही, ही त्यांनी १७५० च्या दशकात नोंदवलेली अडचण मात्र आजही सिमेंटाच्या प्रयोगशाळांतून अभ्यासली जात आहे.